श्रावणातली हनुवटी

आमच्या ह्यांची कातडी फार नाजूक. माणसाची कातडी इतकी पातळ आणि सहनशक्ती इतकी जाड कशी असू शकते, हा प्रश्न मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी पडायला हवा होता. पडला नाही. तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि मला प्रश्न पडत नसत, फक्त उत्तरं सुचत.

लग्नातलंच घ्या. अंतरपाट बाजूला झाला. मी आधी जमिनीकडे आणि मग हळूच वर बघितलं. ही नजर मी आठवडाभर आरशासमोर घोटून ठेवली होती. वर बघते तर समोर नवरदेव लालबुंद! कानापासून गळ्यापर्यंत लाल, डोळ्यांत पाणी. मला वाटलं, बाई गं, काय हे आपलं रूप! समोरचा पुरुष पार विरघळला की. मग मी जास्तच नाजूकपणे हार घातला, बिचाऱ्याला आणखी त्रास नको म्हणून.

हा किस्सा मी पुढे वर्षानुवर्षं सांगितला. मुलुंडला राहायला आल्यावर सोसायटीच्या हळदीकुंकवात सांगितला, भिशीत सांगितला, लेकाच्या लग्नात विहीणबाईंना बाजूला घेऊन सांगितला. "आमचे हे मला बघून असे लाजले, असे लाजले, की भटजींनी विचारलं, पाणी हवंय का?" लग्नाचे फोटो काळेपांढरे, त्यामुळे कुणाला पडताळा घ्यायची सोय नव्हती. हे शेजारीच बसलेले असत. चकार शब्द बोलत नसत. मला वाटे, अजून लाजतायत.

संसार सुरू झाल्यावर लक्षात आलं की ह्यांच्या गळ्यावर सदानकदा पुरळ असतं. हनुवटीखाली लाल पुटकुळ्या, जबड्याच्या कडेने चट्टे, शर्टाच्या कॉलरला अधूनमधून रक्ताचा ठिपका. आता बघा, रोज सकाळी मोरीपाशी आरसा टांगून, सेफ्टी रेझरने खराखरा दाढी करून ऑफिसला पळणारा माणूस. दाढीच्याच जागी पुरळ. दाढीच्या पलीकडे एक पुटकुळी नाही. कशाने येत असेल? बालवाडीतल्या पोराने सांगितलं असतं. पण मी पदवीधर होते. मी निदान केलं, उष्णता.

उष्णता हे आपल्याकडचं फार सोयीचं दुखणं आहे. तोंड आलं, उष्णता. डोळे चुरचुरले, उष्णता. नवरा करवादला, उष्णता. एकदा निदान झाल्यावर मी काय थांबते! सब्जा भिजवला, गुलकंद चारला, धन्याजिऱ्याचं पाणी पाजलं. एक उन्हाळा रोज सकाळी दुर्वांचा रस काढून दिला. दुर्वा सोसायटीच्या बागेतल्या होत्या. त्या बागेत सकाळी सकाळी कुत्री कशासाठी फिरतात हे मला नंतर दिसलं. ह्यांना अजून माहीत नाही, हे वाचून कळेल.

आणि मग श्रावण.

हे तसे देवाधर्मातले नव्हेत. गणपतीच्या आरतीला दाराशी उभे राहून टाळ्या वाजवतील, शब्द येत नसले की ओठ हलवतील, तेवढंच. पण लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात पहिल्याच दिवशी सकाळी म्हणाले, "मी श्रावण पाळतो. महिनाभर दाढी करणार नाही." त्या वेळी ऑफिसात निम्मे पुरुष श्रावणात दाढी वाढवून येत, साहेबाचीसुद्धा बोलायची टाप नसे. मी तर भारावूनच गेले. वरून कोरडा दिसणारा हा माणूस आतून किती श्रद्धाळू! मीही लगेच पदर खोचला. आम्ही मासे खाणारी माणसं, माझं माहेर खारदांड्याच्या अलीकडे, बोंबलांचा वास आला नाही तर आम्हाला सकाळ झाल्यासारखी वाटत नाही. तरी मी महिनाभर घरात मासा आणू दिला नाही.

श्रावण संपत आला तेव्हा ह्यांचा गळा तान्ह्या बाळाच्या तळव्यासारखा. एक चट्टा नाही, एक पुटकुळी नाही. मी महादेवाला हात जोडले. मासे सोडल्याने उष्णता गेली! पुढे श्रावण संपला, दाढी उतरली, जेवणात मासा आला आणि आठवड्याच्या आत गळा परत लाल. "बघा," मी म्हणाले, "मासे खाल्लेत!"

इतकं स्वच्छ, इतकं शास्त्रीय अनुमान मी आयुष्यात दुसरं काढलेलं नाही.

दुसऱ्या श्रावणात मी कांदालसूणही बंद केला. तिसऱ्यात सोमवारचा उपास धरला, पुढे शनिवारचाही. मग कुणीतरी म्हणालं वांगं वातूळ, तर वांगं सोडलं. चटणी गेली, लोणचं गेलं. सोमवारी रात्री हे वरईच्या भातासमोर बसत आणि अशा चेहऱ्याने घास घेत, की मला वाटे समाधी लागली. सासूबाई येईल त्याला सांगत, "माझ्या नास्तिक पोराला सुनेने मार्गाला लावलं हो!" मी मान खाली घालून त्या नजरेचा सराव करी. खाली, आणि मग हळूच वर.

अशी सगळी वर्षं गेली. आणि गेल्या श्रावणात नातीचा साखरपुडा ठरला.

श्रावणात, कारण लग्नाचे मुहूर्त नसल्याने स्टेशनजवळचा एसी हॉल रिकामा होता, आणि नवरा मुलगा पवईच्या ज्या कंपनीत आहे ती त्याला नंतर सहा महिने परदेशी पाठवणार होती. नात आम्हाला एकुलती एक; लेकाचं बिऱ्हाड आमच्याच सोसायटीत, समोरच्या इमारतीत. तिला शाळेत सोडणं, आणणं, तिच्या वेण्या घालणं, सगळं ह्यांनी केलंय. वेण्या वाकड्या येत, पण तिने कधी मला सोडायला दिल्या नाहीत. ती एका संध्याकाळी आली, आजोबांकडे बघून म्हणाली, "आजोबा, दाढी काढा ना, प्लीज. फोटोत तुम्ही आयसीयूतून पळून आल्यासारखे दिसाल."

खोटं नव्हतं. ह्या वयात दाढी एकसारखी येत नाही. ओलसर भिंतीला बुरशी धरावी तशी ठिगळाठिगळांनी येते. हे हसले. बघू म्हणाले. आणि दोन दिवसांनी जेवताना जाहीर केलं, "माझा गुडघा दुखतोय. मी काही हॉलवर येत नाही. तुम्ही या करून."

गुडघा दुखतोय म्हणणारा हा माणूस त्याच सकाळी चार मजले चढून आला होता.

नातीला कळलं तशी ती धावत आली, ह्यांना ओलांडून थेट आतल्या खोलीत जाऊन बसली. मी मागोमाग गेले तर डोळे पुसत होती. "आजी, खरं सांग. आजोबांना तो आवडलेला नाही ना?"

"अगं, वेडी का तू? त्याला भेटून आल्यावर चार दिवस त्याचंच कौतुक चाललेलं."

"मग येत का नाहीत? गुडघ्याचं मला नको सांगू, यार. ते स्टेजवर नसतील ना, तर मी अंगठी घालून घेणार नाही. सांग त्यांना."

म्हणजे झाली वाट! हॉल ठरलेला, पेढ्यांची ऑर्डर दिलेली, आणि सगळं एका म्हाताऱ्याच्या गुडघ्यावर अडलेलं.

घरात बैठक बसली. गुडघ्यावर कुणाचाच विश्वास नव्हता, सगळ्यांचं मत पडलं की बाबांना श्रावण मोडायचा नाही आणि नातीचं मनही मोडवत नाही, म्हणून ही पळवाट. लेक म्हणाला, "ट्रिमर आणतो. ट्रिमर म्हणजे दाढी करणं नव्हे, नुसती बारीक करणं." सूनबाईंनी गुरुजींना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. गुरुजी गाडीत होते. म्हणाले, "व्रत मोडता येत नाही, पण त्याला वळण देता येतं. लघुरुद्र करून घेऊ. ऑनलाइनही होतो, लिंक पाठवतो." मागून रिक्षाचा हॉर्न वाजला तो घंटेसारखाच वाटला.

हे पेपरामागून म्हणाले, "नको."

माझा ऊर अभिमानाने भरून आला. काय ही निष्ठा! ह्या वयात, ह्या मुंबईत!

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चहा घेऊन गॅलरीत गेले. हे कुंडीतल्या तुळशीची सुकलेली पानं खुडत होते. मी सगळा गोडवा गळ्यात आणून म्हटलं, "अहो, तो एवढा कडक नाही. भोळा आहे तो."

"कोण?"

"महादेव."

"त्याचा काय संबंध?"

"असं काय करता? दाढी केलीत म्हणून काही रागावणार नाही तो."

ह्यांनी कप खाली ठेवला. गॅलरीचं दार लोटून घेतलं. आणि म्हणाले, "अगं, भाजतं."

"चहा?"

"दाढी! केली की दुपारपर्यंत मान पेटलेली असते. आता तर कातडी कागदासारखी झालीय. त्यात हे एवढे वाढलेले खुंट काढायचे म्हणजे रक्तबंबाळ. त्या पोरीच्या शेजारी टोमॅटो होऊन उभा राहू? चार जण विचारणार, आजोबांना काय झालंय, काही लागणीचं तर नाही ना. दाढी ठेवून गेलो तर आयसीयू, काढून गेलो तर टोमॅटो. तिच्या फोटोत दोन्ही नको."

"आणि मग श्रावण?"

"श्रावण म्हटलं की महिनाभर कुणी विचारत नाही, दाढी का केली नाहीस."

खाली भाजीवाला ओरडत होता. मी ह्यांचा कप उचलला आणि उरलेला चहा स्वतःच पिऊन टाकला.

"म्हणजे इतकी वर्षं जे सोमवार..."

"ते तू सुरू केलेस. मी फक्त दाढीचं म्हणालो होतो. मासे बंद केलेस तेव्हा सांगणार होतो, पण तू एवढी खूश होतीस. मग कांदा बंद केलास. म्हटलं आता सांगितलं तर कांद्याचं वाईट वाटेल हिला. मग वांगं गेलं. दर वर्षी सांगणं आणखी अवघड व्हायला लागलं बघ."

माझ्या डोळ्यांसमोरून न खाल्लेली पापलेटं रांगेने गेली. ज्या हनुवटीसाठी मी इतके उपास केले, त्या हनुवटीला फक्त सुट्टी हवी होती! आणि ते उपास वर कुणाच्या नावावर लागले असतील? महादेवाच्या तर नक्कीच नाही.

मग एक भलताच विचार माझ्या मनात आला. विचारू नये असं वाटत होतं, पण माझी जीभ ह्यांच्या कातडीसारखी नाजूक नाही. "अहो, लग्नात... अंतरपाट निघाला तेव्हा तुम्ही लाल झाला होता."

"होणारच की. सलूनवाल्याने पहाटे उलटासुलटा वस्तरा खरडला. त्यावर तुझ्या नणंदांनी हळद थापली. त्यावर मामाने अत्तर फासलं. मंगलाष्टकं संपतायत कधी आणि अंगाला वारा लागतोय कधी असं झालं होतं."

"म्हणजे मला बघून नाही?"

"तुला कुठे बघितलं? डोळ्यांत पाणी होतं. सगळं धूसर."

आता त्या भिशीतल्या बायकांना खुलासा करायचा तर त्यांतल्या निम्म्या वर गेल्यात. तिथे त्यांना एव्हाना कळलंच असेल.

पण रुसून बसायला वेळ नव्हता, साखरपुडा तोंडावर आलेला. दुसऱ्या दिवशी ह्यांना रिक्षात घातलं आणि घाटकोपरला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. लेकीच्या वयाची पोरगी. ह्यांची मान बघून म्हणाली, "काका, घरी दाढी कशी करता ते जरा करून दाखवा."

हे उत्साहाने दाखवू लागले, हवेतल्या हवेत. आधी नळाचं गार पाणी गालाला. मग अंगाच्या साबणाची वडी गालावर घासायची. मग पातं काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूला घासून घ्यायचं, म्हणजे जुन्याला नवी धार येते. इथे डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले. मग दाबून, खालून वर, उलटा हात. साबण निघून गेला तरी पुन्हा एकदा उलटा हात, कारण त्याशिवाय दाढी झाल्यासारखी वाटत नाही. मग तुरटी. मग झणझणीत आफ्टरशेव्ह.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही दाढी करत नाही, भिंतीचा रंग खरवडता."

ह्यांना वाटलं आता रेझर फेकून द्यायला सांगणार. पण ती म्हणाली, रेझर चांगला आहे, एकच पातं एकदाच फिरतं, नाजूक कातडीला तेच बरं. सुधारायचा आहे तो हात. वाढलेलं आधी कात्रीने बारीक करा. अंघोळ झाल्यावर, कातडी मऊ असताना बसा. दाढीचा साबण ब्रशने फेसून दोन मिनिटं तसाच राहू द्या. पातं नवं. दांडा हलका धरा, रेझरच्या स्वतःच्या वजनाने जेवढं निघेल तेवढं निघू द्या, दाबायचं नाही. केस ज्या दिशेने उगवतो त्याच दिशेने छोटे छोटे हात. फेस नसेल तिथे पातं नाही. शेवटी गार पाणी, टॉवेलने टिपणं, आणि साधं वास नसलेलं क्रीम. तुरटी आणि ते झणझणीत पाणी, दोन्ही बंद.

मी न राहवून विचारलं, "आणि उष्णता?"

"कसली उष्णता, काकू?"

"अंगातली."

"ताप येतो का काकांना?"

मी पर्स आवरली.

परवा साखरपुडा, म्हणून त्याच संध्याकाळी रंगीत तालीम घेतली. अडचण एकच, ह्यांचे केस उगवतात कुठल्या दिशेने हेच इतक्या वर्षांत कुणी पाहिलेलं नव्हतं. मी बोट फिरवून बघितलं. गालावर खाली, हनुवटीशी जरा आडवे, आणि गळ्यावर तर कानाकडून चक्क मधे घशाकडे वळलेले. ह्यांच्या लक्षात राहीना. मग मी सहाणेवर चंदन उगाळलं आणि काडीने ह्यांच्या चेहऱ्यावर बाण काढले, प्रत्येक जागी केस जिकडे वळतात तिकडे. त्याच वेळी सूनबाई दूध ठेवायला आल्या आणि दारातच थबकल्या.

"आई! हे काय? लघुरुद्र सुरू केलात?"

"नाही, वाहतूक वळवतेय," मी म्हटलं.

बाण मनात पक्के झाले तसं चंदन धुतलं, कात्री फिरवली, ह्यांनी फेस केला. मी स्टूल घेऊन बाथरूमच्या दारात बसले. हात ह्यांचा, पण सवय जुनी. सारखा वर जायला बघत होता.

"खाली!"

"अगं, खुंट लागतायत हाताला. उलटा एकच मारू दे ना."

"लागू दे. ह्या वयात तुमच्या गालाला गाल लावायला कोण येणार आहे?"

"सांगता येत नाही," हे म्हणाले आणि फेसातून डोळा मिचकावला.

तासाने बघितलं, काही नाही. झोपताना बघितलं, हनुवटीखाली एक बारीकशी पुटकुळी, तीही उगाच आल्यासारखी. हे आरशासमोर मान इकडून तिकडे वळवून बघत राहिले. कपाटातून रेशमी झब्बा काढला, सूनबाईंकडे इस्त्रीला दिला आणि नातीला स्वतः फोन लावला. "गुडघा बरा आहे माझा. आणि हे बघ, पोरगा मला आवडलाय, उगाच डोक्यात काही घेऊ नकोस."

साखरपुड्याच्या सकाळी मला बाथरूमच्या दारातसुद्धा उभं राहू दिलं नाही. "मी करतो," म्हणाले आणि कडी लावली. आत पाणी वाहायचं, थांबायचं. मी बाहेर, घरात जमलेल्या सगळ्यांच्या वाटेत. हे बाहेर आले तेव्हा चेहरा चेहऱ्यासारखा होता. नुसता. किती वर्षांनी बघत होते मी! चांगलं नाक आहे ह्यांना, कधी लक्षातच आलं नव्हतं.

"कसा दिसतोय?"

"म्हातारे," मी म्हटलं. हे खूश झाले.

हॉलमध्ये नातीने त्यांना स्टेजवरून खाली उतरूच दिलं नाही. अंगठीच्या वेळी आजोबा शेजारी, पेढ्याच्या वेळी आजोबा शेजारी, फोटोग्राफर वैतागला तरी आजोबा तिथेच. मी खाली पहिल्या रांगेत. शेजारच्या बाई म्हणाल्या, "तुमचे मिस्टर अगदी फ्रेश दिसतायत हो!" त्यांना सगळं सांगणार होते, पण दुर्वांपर्यंत यायला फार वेळ लागला असता.

जेवणं सुरू झाल्यावर बघते तर हे आणि होणारा नातजावई एका खांबाआड डोक्याला डोकं लावून उभे. पोराने छान कोरलेली, तेल लावून चमकवलेली दाढी ठेवलीय, हल्लीच्या सगळ्या मुलांसारखी. आता तो कॉलर बाजूला करून ह्यांना दाढीखालची मान दाखवत होता आणि हे बोट फिरवून केसांची दिशा बघत होते. "रेझर लावला की आग आग होते, आजोबा. म्हणून तर ठेवलीय. हिला वाटतं स्टाइल आहे."

"कोणाला सांगितलंस?"

"कोणालाच नाही."

"शहाणा आहेस. आता सांगून टाक तिला. लगेच सांग."

तेवढ्यात नात ताट घेऊन माझ्यामागे आली. "आजी, ते दोघं काय करतायत तिकडे?"

"तुझे आजोबा त्याला दाढी शिकवतायत."

"ए, नाही हं! आवर त्यांना. मी त्याला दाढीशिवाय कधी बघितलेलंच नाही. खाली कसला निघाला तर?"

"म्हणून तर," मी म्हटलं आणि तिच्या ताटातली जिलेबी उचलली. "लग्नाला अजून वेळ आहे. नीट बघून घे."

ती ताट माझ्या हातात देऊन खांबाकडे पळाली.